परदेशातून घरी येणाऱ्या पैशातले वाटेत किती जातात? जागतिक बँकेच्या फुकट साइटचा रिव्ह्यू

ज्यांच्या घरातलं कोणी ना कोणी बाहेर आहे, दुबई-शारजा-मस्कत-दोहा असो नाहीतर न्यू जर्सी, त्यांनी हे जरा वेळ काढून वाचा, कारण ज्या साइटबद्दल लिहितेय ती आपल्यासारख्यांसाठीच बनवलीय आणि आपल्याकडे ती जवळजवळ कुणालाच माहीत नाही. नाव आहे रेमिटन्स प्रायसेस वर्ल्डवाइड, रेमिटन्स म्हणजे बाहेरच्या माणसाने घरी पाठवलेला पैसा. जागतिक बँकेची आहे, २००८ पासून चालू आहे, फुकट आहे, लॉगिन नाही, मोबाईल नंबर मागत नाही, जाहिराती नाहीत. इथून पैसे पाठवता येत नाहीत हे आधीच सांगून ठेवते. साइट एकच काम करते, अमुक देशातून तमुक देशात पैसे पाठवायचे तर कुठली कंपनी सगळं मिळून किती कापते ते शेजारी शेजारी मांडून दाखवते. ४८ देशांमधून १०५ देशांकडे जाणारे ३६७ मार्ग यात आहेत, ते त्याला कॉरिडॉर म्हणतात, आणि दर तीन महिन्यांनी आकडे नवीन येतात.

आम्ही चिपळूणकडचे. दादा शारजात एसी मेंटेनन्सच्या कामाला आहे, पगार झाला की तो एक्स्चेंजला, म्हणजे पैसे बदलून पाठवणाऱ्या दुकानात जातो नाहीतर ॲपवरून पाठवतो, इकडे घराचा हप्ता, आईची औषधं, पुतण्याची शाळेची फी हे सगळं मी बघते. कोकणाला यात काही नवीन नाही, आधी मुंबईच्या गिरणीतून मनीऑर्डर यायची आणि त्यावर गावंच्या गावं चालायची, आता पैसा समुद्रापलीकडून येतो एवढाच फरक. पण मनीऑर्डरला कमिशन किती लागलं हे पाठवणाऱ्याला सरळ कळायचं. आता फी शून्य अशी पाटी लावलेली असते आणि तरी पैसे कमी येतात, मग कुठे गेले? या प्रश्नाचं धड उत्तर मला पहिल्यांदा या साइटवर मिळालं.

वापरायला सोपी आहे. पैसे कुठून निघणार तो देश निवडायचा, कुठे जाणार तो निवडायचा, मग २०० डॉलर की ५०० डॉलर ते बघायचं. दोनशे डॉलर म्हणजे साधारण ७३५ दिरहम, कारण दिरहम डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे आणि वर्षानुवर्षं तिथेच आहे. एवढं निवडलं की टेबल उघडतं. कंपनीचं नाव, ती बँक आहे की मनी ट्रान्सफरवाली, पैसे रोख भरायचे की अकाउंटमधून, किती वेळात पोचतील, फी किती, एक्सचेंज रेट मार्जिन किती, म्हणजे खऱ्या बाजारभावापेक्षा रेट किती कमी दिला ते, आणि शेवटी एकूण खर्च टक्क्यात. यातला एक्सचेंज रेट मार्जिनचा रकाना बघा, हा अख्खा रिव्ह्यू मी त्या एका रकान्यासाठी लिहितेय म्हटलं तरी चालेल.

उदाहरणाने सांगते, आकडे समजायला सोपे म्हणून मी धरलेत. समजा आज बाजारात एका दिरहमचा खरा भाव २३ रुपये आहे. खरा म्हणजे बँका आपापसात ज्या भावाने व्यवहार करतात तो, गुगलवर टाकला की दिसतो तसा. दादाकडे पाठवायला १००० दिरहम आहेत. एक कंपनी म्हणते आमची फी शून्य आणि रेट देते २२.४०. घरी येणार २२,४०० रुपये. दुसरी म्हणते फी १५ दिरहम आणि रेट देते २२.९०. पंधरा दिरहम गेले, राहिले ९८५, गुणिले २२.९०, घरी येणार २२,५५६ रुपये. म्हणजे जी फी घेते तिच्याकडून दीडशे रुपये जास्त आले. खऱ्या भावाने २३,००० यायला हवे होते, त्यात फुकटवाल्या कंपनीने ६०० रुपये खाल्ले आणि पावतीवर त्याचा उल्लेखसुद्धा नाही! पावतीवर फी ०.०० छापलेलं असतं आणि खाली रेट असतो, पण तो रेट कशाच्या तुलनेत कमी आहे ते कोण सांगणार. साइट तेच सांगते. फी आणि रेटमधला फरक दोन्ही एकत्र करून टक्का काढते, वरच्या उदाहरणात शून्य फीवाल्याचा खर्च होतो २.६ टक्के आणि फी घेणाऱ्याचा होतो १.९ टक्के.

आपल्याकडे सगळे रेटची वाट बघतात, रुपया पडला की व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतात की आज रेट चांगला आहे पाठवून घ्या, लोक दहा पैसे वाढायची वाट बघत आठवडा थांबतात, आणि त्याच वेळी ज्या काउंटरवरून पाठवतात तिथे पन्नास-साठ पैसे मार्जिनमध्ये सोडून येतात. थांबायला हरकत नाही, पण आधी काउंटर बदला.

रकमेचा मुद्दा पण इथेच नीट कळतो. ठरलेली फी असली की थोडी रक्कम पाठवणारा जास्त मार खातो. १५ दिरहम फी ७३५ दिरहमवर दोन टक्के होते, तीच ५०० डॉलरला म्हणजे साधारण १८३६ दिरहमला एका टक्क्याच्याही खाली येते. म्हणून साइट दोन्ही रकमांचे आकडे वेगळे ठेवते. लेबर कॅम्पमधला मुलगा जो महिन्याला थोडे थोडे करून दोनदा पाठवतो, घरून फोन आला की लगेच काउंटर गाठतो, त्याच्यावर टक्केवारीने सगळ्यात जास्त बोजा पडतो, आणि त्याचाच पगार सगळ्यात कमी असतो. मी आता ओळखीच्यांना सांगते की तातडी नसेल तर एकदाच पाठवा.

आकडे कसे गोळा करतात तेही मला आवडलं. कंपनीने दिलेलं पत्रक घेऊन छापत नाहीत, माणसं गिऱ्हाईक म्हणून जातात किंवा फोन करतात आणि विचारतात की एवढे पैसे एवढ्या देशात पाठवायचेत, फी किती, रेट काय द्याल. जी कंपनी रेटच सांगत नाही तिला पारदर्शक नाही असा शिक्का बसतो आणि सरासरी काढताना तिला धरत नाहीत. अजून एक चांगली गोष्ट २०१६ पासून आली, ते सरासरी काढतातच पण शिवाय प्रत्येक मार्गावरच्या सगळ्यात स्वस्त तीन सेवांची वेगळी सरासरी देतात, म्हणजे ज्या माणसाकडे नीट माहिती आहे आणि जवळ अकाउंट किंवा फोन आहे त्याला किती खर्च येईल ते. नुसती सरासरी आणि ही तीन स्वस्तांची सरासरी यातला फरक म्हणजे माहिती नसल्याची किंमत, असं मी तरी समजते. आणि ती किंमत भरतो तो इंग्रजी टेबल वाचता न येणारा माणूस. त्यावर खाली बोलते.

ही साइट कशी आली हे समजून घ्यायला मी थोडं मागे जाऊन वाचलं आणि त्यात ओडिशाच्या माणसाचं नाव सारखं सारखं आलं, दिलीप राठा. बलांगीर जिल्ह्यातल्या गावातले, दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधून डॉक्टरेट, मग वॉशिंग्टनला जागतिक बँकेत अर्थतज्ज्ञ. २००३ पर्यंत मोठमोठे लोक गरीब देशांत येणारा पैसा मोजायचे तेव्हा परदेशी कंपन्यांची गुंतवणूक बघायचे, कर्ज बघायचे, मदत बघायचे, आणि कामगारांनी घरी पाठवलेल्या पैशाला किरकोळ धरायचे. राठांनी त्या वर्षी जागतिक बँकेच्या अहवालात एक प्रकरण लिहिलं आणि दाखवलं की २००१ मध्ये विकसनशील देशांना हा पैसा ७२.३ अब्ज डॉलर मिळाला, सरकारी मदतीपेक्षा जास्त, आणि शिवाय हा पैसा भरवशाचा. शेअर बाजारातला परदेशी पैसा संकट आलं की पळतो, हा उलट संकट आलं की वाढतो, कारण गावाकडे अडचण आली म्हटल्यावर मुलगा जास्तच पाठवतो. आपल्याला हे घरात बसून माहीत असतं, पण ते आकड्यात मांडल्यावर सरकारं ऐकायला लागली. साइट चालवणारी टीम वेगळी आहे, पेमेंट सिस्टिमचं काम बघणारी, पण पैसा एवढा मोठा आहे हे कळल्याशिवाय तो पाठवायचा खर्च मोजायला कोण बसलं असतं?

२००९ मध्ये इटलीत लाक्विलाला जी-८ ची, म्हणजे आठ बड्या देशांच्या गटाची बैठक झाली तिथे ठरलं की पाच वर्षांत हा खर्च १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणायचा. आला नाही. मग संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली असं लिहिलं. जगाची सरासरी अजून ६ टक्क्यांच्या वरच घुटमळतेय. बँका सगळ्यात महाग, डिजिटल त्यातल्या त्यात स्वस्त, आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत पाठवणं सगळ्यात महाग. दक्षिण आफ्रिकेत काम करणारा माणूस शेजारच्या देशात पैसे पाठवतो त्याला आपल्या आखाताच्या मानाने कितीतरी जास्त कापतात. कारणं विचाराल तर एक म्हणजे काही देशांत पोस्टाने एकाच मनी ट्रान्सफर कंपनीशी करार करून ठेवलेत, दुसऱ्याला काउंटरच मिळत नाही, राठा वर्षानुवर्षं म्हणतायत की असे करार बंद करा. दुसरं म्हणजे काळ्या पैशाच्या आणि दहशतवादाच्या नियमांच्या भीतीने मोठ्या बँका छोट्या कंपन्यांची खातीच बंद करतात, म्हणजे स्पर्धाच मरते.

त्या मानाने यूएई ते इंडिया हा रस्ता स्वस्त आहे, जगाच्या सरासरीच्या बराच खाली. एक तर तिकडे गल्लोगल्ली एक्स्चेंज आहेत, एकाने रेट पाडला तर समोरच्याकडे जाता येतं. आणि दुसरं, तिकडच्या एक्स्चेंज हाऊस आणि आपल्या बँका यांच्यात रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने रुपी ड्रॉइंग अरेंजमेंट असते, म्हणजे दिरहमचे रुपये तिकडेच होतात आणि इकडे थेट रुपये जमा होतात, मधल्या तीन बँकांनी आपापला हात मारायचा प्रश्न राहत नाही. ज्यांचे पैसे विदेशी चलनात येऊन इकडे बँकेत बदलले जातात त्यांनी बदलताना लागणारा जीएसटी वेगळा धरा, किमान ४५ रुपये, रक्कम मोठी तसा वाढतो.

रेटमधल्या पन्नास पैशांनी काय होतं असं कुणी म्हणालं तर मी आता फिलिपिन्सचं उदाहरण देते. डीन यांग म्हणून मिशिगन विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांनी १९९७ चं आशियाई संकट घेतलं. फिलिपिन्सची माणसं तेव्हा कितीतरी देशांत कामाला होती. त्यांचं चलन पेसो, ते कोसळलं. सौदीत काम करणाऱ्याचा रियाल डॉलरला बांधलेला, म्हणजे त्याच्या त्याच पगाराचे एकदम खूप जास्त पेसो व्हायला लागले, पण मलेशियात काम करणाऱ्याचा रिंगिट पेसोबरोबरच पडला, त्याला विशेष फायदा नाही. कोण कुठल्या देशात आहे हे संकटाच्या आधीच ठरलेलं होतं, कुणी हुशारीने निवडलेलं नव्हतं, म्हणून ही तुलना इतकी चोख आहे. रेट १० टक्क्यांनी सुधारला तर घरी पोचणारे पेसो साधारण ६ टक्क्यांनी वाढले. आणि घरच्यांनी त्याचं काय केलं? रोजचा खर्च फारसा वाढवला नाही. मुलं शाळेत जास्त राहिली, शिक्षणावरचा खर्च वाढला, मुलांचं काम करणं कमी झालं, आणि घरात स्वतःचा धंदा सुरू करायचं प्रमाण वाढलं, तेही जिथे भांडवल लागतं असे धंदे. मी हे वाचलं तेव्हा आमच्या आळीतली तीन-चार घरं डोळ्यासमोर आली जिथे बाहेरच्या पैशातून टेम्पो घेतलाय नाहीतर मुलीला इंजिनीअरिंगला घातलंय. आखाती पैशातून नुसते बंगले होतात आणि पोरं बिघडतात असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं, ते मला कधीच पटलं नव्हतं.

आता जागतिक बँकेच्या या सगळ्या कामात डोळे झाकून विश्वास ठेवावा असंही नाही. एप्रिल २०२० ला त्यांनी अंदाज दिला की कोविडमुळे जगभरात घरी येणारा पैसा २० टक्क्यांनी घटणार. तो आकडा आपल्या पेपरांमध्ये पण आला होता आणि ज्यांची माणसं तिकडे खोलीत अडकून पडली होती त्या घरांची झोप उडाली होती. प्रत्यक्षात वर्षाचा हिशोब झाला तेव्हा गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांची घट निघाली १.६ टक्के. भारताची तर ०.२ टक्के, ८३ अब्ज डॉलर आले. वरच्या मजल्यावरून बघणाऱ्याला हे गणित का चुकलं? लोकांनी साठवलेलं मोडून पाठवलं, खिशातून घेऊन जाणारे येऊ शकत नव्हते म्हणून तेही पैसे बँकेतून आले, फोनवरून पाठवणं वाढलं. पण मला त्यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की राठांनीच २००३ मध्ये सांगितलेलं खरं ठरलं, संकटात हा पैसा टिकतो. त्यांच्या स्वतःच्या टीमच्या अंदाजापेक्षा त्यांचं जुनं संशोधन जास्त बरोबर निघालं. आणि त्यांनी पुढच्या अहवालात ते आकडे सरळ छापले, हे मला आवडलं.

पैशाचा आवाका किती आहे ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या हिशोबाने २०२३-२४ मध्ये भारतात ११८.७ अब्ज डॉलर आले. आपण जगाकडून माल जास्त घेतो आणि विकतो कमी, तेल, सोनं, इलेक्ट्रॉनिक्स, त्यातून मालाच्या व्यापारात जो खड्डा पडतो त्याचा साधारण निम्मा भाग हा पैसा भरून काढतो. आपल्या गाडीत जे आखाती पेट्रोल जातं त्याचे डॉलर काही प्रमाणात आपलाच एसी दुरुस्त करणारा, गवंडीकाम करणारा, हॉस्पिटलात नर्स असलेला माणूस तिकडून पाठवतोय. रिझर्व्ह बँकेच्याच सर्व्हेत राज्यनिहाय वाटा दिलाय, महाराष्ट्र पहिला २०.५ टक्के, केरळ १९.७ टक्के. बहुतेकांना वाटतं केरळच पहिलं असणार. आणि देशांमध्ये आता अमेरिका पुढे आहे २७.७ टक्के, यूएई १९.२ टक्के, कारण शिकलेले लोक मोठ्या पगारावर तिकडे गेले. तरी सहा आखाती देश मिळून अजून ३८ टक्क्यांच्या आसपास आहेत.

१९९८ ची गोष्ट पण यातलीच आहे. पोखरणच्या चाचण्या झाल्या, निर्बंध आले, बाहेरून कर्ज मिळणं अवघड झालं, तेव्हा स्टेट बँकेने रिसर्जंट इंडिया बाँड काढले आणि अनिवासी भारतीयांनी ४.२ अब्ज डॉलर दिले. २००० मध्ये इंडिया मिलेनियम डिपॉझिट्स, ५.५ अब्ज. राठांनी सुहास केतकर यांच्याबरोबर यावर पेपर लिहिलाय, की बाहेर असलेला माणूस आपल्या देशाला परक्या गुंतवणूकदारापेक्षा जास्त सांभाळून घेतो, आणि इतर गरीब देशांनीही शाळा-रस्त्यांसाठी असे बाँड काढावेत. मला यात एक खटकतं, हे बाँड घेणारे मुख्यतः पैसेवाले असतात, लेबर कॅम्पमधल्या माणसाला त्याच्या बचतीवर तसं चांगलं व्याज कुणी दारात आणून देत नाही. पण कल्पना म्हणून भक्कम आहे.

आपल्या सरकारनेही हा खर्चाचा विषय फेब्रुवारी २०२४ ला अबू धाबीत जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्र्यांच्या परिषदेत मांडला, की पैसे पाठवायचा खर्च कमी करा, हा व्यापाराचाच मुद्दा आहे. बरोबरच आहे, मालाच्या कंटेनरवरचा कर कमी करायला जग तीस-तीस वर्षं बैठका घेतं, मग माणसाच्या कष्टाच्या पगारावर वाटेत लागणारा कर का चालतो? ठोस काही ठरलं नाही तिथे. त्याआधी २१ फेब्रुवारी २०२३ ला आपलं यूपीआय आणि सिंगापूरचं तसंच पे-नाऊ जोडलं गेलं, मोबाईल नंबरवर पैसे येतात. हे आखाताशी पूर्णपणे होईल त्या दिवशी साइटवरच्या यूएईच्या पानाचा चेहरा बदलेल.

आता साइटचे दोष. सगळ्यात मोठा दोष, मराठी नाही, हिंदी नाही. जगात सगळ्यात जास्त पैसा ज्या देशात येतो त्या देशाच्या भाषांमध्ये ही माहिती नसावी हे मला अजिबात मान्य नाही. टेबलात शब्द फार नाहीत, फी, मार्जिन, एकूण, वेळ, एवढ्याचं भाषांतर करायला कितीसा खर्च आहे? शारजातल्या खोलीत आठ जणांत एखादाच इंग्रजी टेबल वाचू शकतो, बाकीचे तो सांगेल तिथे जातात, आणि तोही आपल्या ओळखीचा काउंटर सांगतो.

दुसरं, आकडे तीन महिन्यांनी येतात आणि छापून यायला अजून वेळ जातो, म्हणून आज संध्याकाळी कुठून पाठवू याचं उत्तर इथे शोधू नका. रेट रोज हलतो, कंपन्या सणाला ऑफर काढतात. ही साइट सवयी ओळखायला आहे, म्हणजे कुठली कंपनी फी कमी दाखवून रेटमध्ये काढून घेते आणि कुठली कायम नीट वागते, हे दोन-तीन तिमाह्या मागे जाऊन बघितलं की स्पष्ट दिसतं. जुने आकडे एक्सेलमध्ये डाउनलोड करता येतात, ज्याला हौस आहे त्याला पर्वणी आहे, मी कॉमर्सवाली असल्याने त्यात बराच वेळ रमले.

मोबाईलवर टेबल आडवं सरकवत बसावं लागतं आणि एकूण टक्केवारीचा रकाना, जो सगळ्यात कामाचा, तोच पटकन दिसत नाही. बहुतेक लोक मोबाईलवरच बघणार, मग हे आधी नीट करायला नको का. आणि कंपनीची सर्व्हिस कशी आहे, पैसे अडकले तर फोन उचलतात का, हे इथे कळत नाही. आमचे एकदा एका बँकेत नावातल्या एका अक्षरावरून बरेच दिवस अडकले होते, आईच्या ऑपरेशनच्या वेळी, तेव्हा मला टक्केवारीपेक्षा कोणीतरी धड उत्तर देणारं हवं होतं. स्वस्त बघताना तेही बघा.

हुंडीबद्दल, म्हणजे बँकेबाहेरून दलालामार्फत पैसे पाठवण्याबद्दल पण एक. लोक हुंडीने पाठवतात कारण रेट चांगला मिळतो आणि घरपोच येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. ते बेकायदेशीर आहे, पैसे बुडाले तर दाद कुठेच मागता येत नाही, आणि घरासाठी लोन घ्यायला गेलात की बँकेत उत्पन्नाचा पुरावा शून्य. या साइटवर हुंडी अर्थातच नाही, पण एक करून बघा, स्वस्त तीन सेवांची सरासरी बघा आणि हुंडीवाला जो रेट सांगतो त्याच्याशी ताडून बघा, यूएईच्या बाबतीत फरक आता वाटतो तेवढा राहिलेला नाही.

अमेरिकेवाल्यांसाठी वेगळं सांगते. २०२६ सुरू झालं तसा तिकडून बाहेर पाठवल्या जाणाऱ्या पैशावर १ टक्का कर लागू झालाय. पण तो रोख, मनीऑर्डर किंवा कॅशियर चेकने, म्हणजे बँकेने स्वतः काढून दिलेल्या चेकने पैसे भरले तरच. अमेरिकेतल्या बँक अकाउंटमधून किंवा तिथल्या डेबिट-क्रेडिट कार्डने भरले तर लागत नाही. आधी ५ टक्के म्हणत होते, मग ३.५, शेवटी १ वर आले, आणि त्या गोंधळात आपल्याकडे अजून लोक सांगत सुटलेत की सगळ्यांनाच लागतो. नोकरीवाल्या मराठी माणसाला, जो अकाउंटमधूनच पाठवतो, त्याला लागत नाही. लागतो तो ज्याचं तिकडे बँक खातं नाही त्याला, म्हणजे पुन्हा सगळ्यात खालच्यालाच.

पाचात मी चार देते. एक कापला तो भाषेसाठी. माहिती म्हणून याच्यापेक्षा नि:पक्ष काही मला सापडलं नाही, तुलना करणाऱ्या बाकीच्या बऱ्याच साइट कंपन्यांकडून कमिशन घेतात आणि मग पहिला नंबर कुणाला मिळतो ते तुम्हीच समजा.

कसं वापरायचं तर माझी पद्धत अशी आहे. यूएई-इंडियाचं २०० डॉलरचं पान उघडायचं, एकूण खर्चाने क्रम लावायचा, वरच्या पाच नावांचा स्क्रीनशॉट काढून तिकडे पाठवायचा. ज्या दिवशी पैसे पाठवायचेत त्या दिवशी त्याने त्या पाचांतल्या दोन-तीन ठिकाणी फक्त एक प्रश्न विचारायचा, हजार दिरहम दिले तर सगळं कापून घरी किती रुपये पोचतील? फी विचारायची नाही, रेट विचारायचा नाही. जो सगळ्यात मोठा आकडा सांगेल तिथे भरायचे आणि पावतीचा फोटो घरी टाकायचा. दादाच्या खोलीतले सगळे आता असंच विचारतात, काउंटरवरची मुलं पहिल्यांदा फीच सांगत बसतात, पण पुन्हा विचारलं की देतात आकडा.